चुलतभावाच्या जांभळाखाली

आमच्या साखरशेत पाड्यात माझ्या ओट्याइतका तुडुंब भरणारा ओटा दुसरा नव्हता. हे मी म्हणत नाही, अख्खा पाडा म्हणायचा. आणि पाडा विसरला तर मी आठवण करून द्यायचो. शाळेला मे महिन्याची सुटी लागली की दुपारची जेवणं आटोपून माणसं यायची, जव्हारला जाणाऱ्या जीपची वाट बघत ओट्यावर टेकायची आणि मी बोलायला सुरुवात करायचो. जीप यायची, हॉर्न वाजवून वाजवून दमायची आणि रिकामी निघून जायची. दवाखान्यात निघालेला माणूस म्हणायचा, राहू द्या, ताप उतरलाच म्हणायचा. एकदा तर ड्रायव्हरच इंजिन चालू ठेवून ओट्यावर येऊन बसला. माझी गोष्ट संपली तेव्हा जीपमधलं डिझेलही संपलं होतं.

गोष्टी तरी कशा, सगळ्या माझ्यावर बेतलेल्या. दाभोशाच्या धबधब्यावरून मी पडलो ती गोष्ट लोक पुन्हा पुन्हा मागायचे. धबधबा इतका उंच, की खाली येईपर्यंत माझी एक डुलकी झाली, आणि जाग आली तेव्हा वाटेतल्या वाऱ्याने अंगावरचे ओले कपडे वाळले होते. सूर्यमाळच्या शाळेवर माझी बदली झाली होती तिथला वारा असा, की मी हजेरी घ्यायला लागलो तर पोरांचं ‘हजर’ खालच्या गावात ऐकू जायचं आणि तिथले मास्तर आपल्या पोरांची हजेरी लावून मोकळे व्हायचे. उन्हाळ्यात तिथे पाणी इतकं कमी, की मी आंघोळीच्या आठवणीवरच आठवडा काढायचो. लोक हसायचे, मांडीवर थापा मारायचे, म्हणायचे, गुरुजी, अजून एक.

कुणाला जमीन लागते, कुणाला मान लागतो. मला ऐकणारे कान लागायचे. पगार चार दिवस उशिरा आला तर मी कुरकुर केली नाही, पण दुपारी ओटा रिकामा राहिला की मला जेवण पचायचं नाही. एवढं लक्षात ठेवलंत तर पुढे माझं काय काय जळालं ते कळेल.

त्या ओट्यावर ऊन यायचं हे खरं. पण सावली सगळ्या गावातच नव्हती, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. आमच्याकडे झाडं होती पुष्कळ, फक्त त्यांना फांद्या नव्हत्या. त्या राबात जायच्या. राब म्हणजे काय ते लांबच्या वाचकाला सांगायला हवं. भाताचं आणि नागलीचं रोप ज्या तुकड्यात करायचं, तिथे शेण पसरायचं, त्यावर झाडांच्या तोडून सुकवलेल्या फांद्या, त्यावर पाला आणि गवत, वरून मातीचा थर, आणि पावसाआधी तो सगळा थर हळूहळू धुमसत जाळायचा. तण मरतं, माती भाजून भुसभुशीत होते, राखेत बी टाकलं की रोप तरारून येतं. आजोबा-पणजोबांपासून असंच. त्यासाठी थंडी सरता सरता प्रत्येक जण कोयता घेऊन झाडावर चढायचा आणि ऐन असो, किंजळ असो, बांधावरचा करंज असो, त्याला सोलून खाली उतरायचा. उन्हाळ्यात आमचा पाडा लांबून बघितला तर कुणी जमिनीत मोठमोठ्या काठ्या रोवून ठेवल्यासारखा दिसायचा. आणि ती झाडं तोडण्यात आमच्या घराचा हात धरणारं कुणी नव्हतं. माझ्या करंजावर कावळा बसला तर त्याला दोन्ही पाय ठेवायला जागा नसायची.

माझ्या पलीकडचं घर चुलतभावाचं. मधे फक्त दोन अंगणं. माझ्याहून धाकटा, शेतकरी गडी, बोलायला इतका कमी की त्याच्या बायकोला लग्नानंतर पहिला पावसाळा संपेपर्यंत त्याचा आवाज कसा आहे ते ठाऊक नव्हतं, असं मी सांगायचो. त्याचं जांभळाचं झाड होतं, रस्त्याच्या वळणावर. एका वर्षी तो राबासाठी त्या जांभळावर चढला, शेंड्याजवळ पोचला, पायाखालची फांदी कडाडली, आणि त्याला भोवळ आली. जांभळाची फांदी आधीच ठिसूळ. त्याने बुंध्याला मिठी मारली आणि डोळे मिटून घेतले. सकाळचा चढलेला माणूस जेवणवेळेपर्यंत तिथेच. आम्ही खालून सांगत होतो, उजवा पाय खाली घे, डावा घे, आणि तो एकच म्हणत होता, मला घर फिरताना दिसतंय. शेवटी मी वर गेलो आणि त्याच्या कमरेला दोर बांधून त्याला विहिरीतल्या कळशीसारखा खाली सोडला. ही गोष्ट मी ओट्यावर वर्षभर सांगितली. सांगता सांगता ते जांभूळ दाभोशाच्या धबधब्याएवढं झालं होतं.

त्यानंतर तो झाडावर चढला नाही. कुठल्याच नाही. आणि फांद्या नाहीत म्हणून राबही नाही. त्याने आणि त्याच्या बायकोने घरामागे खड्डा केला, त्यात शेण, गळलेला पाला, चुलीजवळचा कचरा काय काय टाकत राहिले, आणि पावसाच्या तोंडावर ते कुजलेलं काढून मातीचा उंच वाफा केला, त्यात बी पेरलं. जाळ नाही, धूर नाही. मी ओट्यावरून जाहीर केलं की ह्या वाफ्यात गवत इतकं माजेल, की भावाला आपली बायको शोधायला हाक मारावी लागेल. गवत माजलं, खोटं नाही. ती दोघं वाकून वाकून ते उपटत राहिली. पण आवणीला, म्हणजे लावणीच्या वेळी, रोप तयार झालं, आणि भात आमच्यासारखाच आला. मला ते आवडलं नाही. पण तेवढ्याने माझं काही बिघडलं नव्हतं.

बिघडवलं जांभळाने. न तोडलेलं झाड काय करतं हे आमच्यापैकी कुणी बघितलंच नव्हतं. दोन-तीन पावसाळ्यांत त्याने असे हात पसरले की जणू इतकी वर्षं दाबून धरलेला राग बाहेर काढतंय. वळणावर काळीभोर सावली पडायला लागली. आधी एक म्हातारा विडी ओढायला म्हणून तिथे टेकला. दुसऱ्या दिवशी त्याच्याजवळ दुसरा. मी गोष्ट मोठ्याने सांगून पाहिली, आवाज वळणापर्यंत जातच होता. ते तिथूनच हसायचे, पण उठून यायचे नाहीत. मग एका मे महिन्यात जांभळं लागली. तोडलेल्या झाडाला कधी फळ धरलं नव्हतं, ह्याला असं धरलं की सावलीत बसलेल्या माणसाने तोंड उघडं ठेवलं तर त्याचं पोट भरावं. माझ्या ओट्यावर तोंड मला उघडं ठेवावं लागायचं आणि पोट त्यांचं भरायचं, तिथे फुकट. सगळ्यात शेवटी जीपने घात केला. ड्रायव्हर म्हणाला, गुरुजी, तुमच्यासमोर थांबलो तर सीटवर भाकरी भाजते, त्यापेक्षा मी वळणावर उभा राहतो. झालं. स्टॉपच तिकडे गेला.

त्या उन्हाळ्यात माझ्या पोटात जो जाळ होता, त्यावर अख्ख्या साखरशेताचा राब भाजून निघाला असता. मी ओट्यावर बसायचो आणि वळणाकडे बघायचो. वीस-पंचवीस माणसं, त्यांच्या मधोमध चुलतभाऊ, आणि तो काही बोलत नव्हता. हेच मला सोसत नव्हतं. बोलून माणसं जमवली असती तर मी समजून घेतलं असतं, धंद्यातला माणूस म्हटलं असतं. हा भुईवर पाय पसरून बसतो, काडीने दात कोरतो, आणि माणसं त्याच्याभोवती. माझ्यासमोर उरली माझी बायको आणि एक शेळी. बायको धबधब्याच्या गोष्टीत मधेच म्हणायची की मागच्या वेळी तुम्ही डाव्या बाजूने पडला होतात. शेळी तेवढी नीट ऐकायची, पण तिला हसता येत नव्हतं.

मी हार मानणारा नव्हे. ओट्यावर पत्र्याचं छप्पर घातलं. त्या पत्र्याखाली बसलेला पहिला माणूस म्हणाला की गुरुजी, मला नरक बघायचा होता, बघितला, आता जातो. मग मी नवा माठ आणून ठेवला, थंडगार पाणी. लोक वळणावरून उठून यायचे, दोन पेले पाणी प्यायचे, मिशा पुसायचे, आणि परत सावलीत. बायको म्हणाली, पाणी मी भरते विहिरीवरून, नि पाहुणे त्याचे. मी सावलीत जाऊन बसलो असतो तर प्रश्न मिटला असता, हे मला कळत नव्हतं असं समजू नका. पण ज्याला मी दोराने खाली उतरवला, त्याच्या सावलीत जाऊन बसायचं म्हणजे मला माझ्याच दोराने वर टांगून घेतल्यासारखं होतं.

अशात जव्हारहून शेतीचे साहेब आले. टोपी, गळ्यात कॅमेरा. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की साखरशेतात एक शेतकरी झाडं तोडत नाही आणि राब जाळत नाही. साहेब जीपमधून उतरले ते थेट सावलीत. जांभूळ बघितलं, खड्डा बघितला, वाफा बघितला, आणि पाड्याला गोळा करून बोलायला लागले. जगाची हवा तापत चालली आहे, धूर वर जाऊन गोधडीसारखा बसतो, पाऊस त्यामुळे वेळेवर येत नाही, आणि सरकारने काय करायचं ते करेल, पण एकेका माणसाने आपल्या बांधावर जे करायचं ते ह्या भाऊंनी केलंय. तेव्हा असलं बोलणं आमच्या कानांना नवीन होतं. लोक चुलतभावाकडे नव्याने बघायला लागले. भोवळीला हार घालतात हे मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. खराच हार, झेंडूचा, साहेबांनी जव्हारच्या बाजारातून आणलेला. मी गर्दीच्या कडेला उन्हात उभा होतो. माझ्या मनात एकच होतं, की आता सांगतो. सांगतो की ह्याला जगाची काळजी नाही, ह्याला चक्कर येते. एका वाक्याचं काम होतं.

साहेबांनी विचारलं, “तुम्हाला हे सुचलं कसं? राब जाळणं सोडायचं कसं ठरवलंत, ते सांगा सगळ्यांना.”

भावाने हाराकडे बघितलं, भुईकडे बघितलं. मग गर्दीतून मला शोधून काढलं.

“दादा, तू सांग. मला नाय जमत बोलाया.”

सगळी माणसं वळली. साहेब वळले. जीपचा ड्रायव्हर वळला. किती उन्हाळ्यांनी एवढे कान माझ्याकडे लागले होते. मी दोन पावलं पुढे आलो तर अंगावर सावली पडली, गार, पाण्यात पाय सोडल्यासारखी, आणि माझा घसा आपोआप मोकळा झाला.

सांगायचं ते वाक्य तोंडात तयार होतं. पण एका वाक्यात संपणारी गोष्ट एवढ्या माणसांना सांगायची, हे माझ्याच्याने झालं नसतं. मी म्हणालो, साहेब, हा कोयता घेऊन ह्याच जांभळावर चढला. शेंड्यावर पोचला आणि त्याने चहूकडे नजर टाकली. इथून दाभोशापर्यंत, पलीकडे मोखाड्याच्या डोंगरापर्यंत, जिथे बघावं तिथे झाडांचे नुसते खुंट आणि शेताशेतातून वर चढणारा धूर. त्या धुरात सूर्य तांबडा, आजारी माणसाच्या डोळ्यासारखा. ते बघून ह्याचं डोकं गरगरलं. ह्याने झाडाला मिठी मारली आणि सुटेचना. आम्ही खालून हाका मारतोय, आणि हा म्हणतोय, मला सगळं फिरताना दिसतंय. बघा, भोवळ मी काढून टाकली नाही. फक्त तिला कारण दिलं. दोराचा भागही ठेवला. दोर धरणारा कोण ते सविस्तर सांगितलं. झाडावरून उतरताना ह्याने जांभळाला शब्द दिला, असं म्हणून मी थांबलो. एक म्हातारी पदराने डोळे पुसत होती. तिने स्वतःच्या डोळ्यांनी त्याला त्या दोराला लोंबकळताना बघितलं होतं, तरीही.

साहेब माझ्याकडे इतक्या कौतुकाने बघायला लागले की मला अजून वाढवावंसं वाटलं. त्यांनी विचारलं, “आणि गुरुजी, तुम्ही? तुम्ही कधी सोडला राब?”

अशा वेळी ‘नाही सोडला’ म्हणणं म्हणजे भरल्या ओट्यावरून स्वतः उठून जाणं.

“यंदाच,” मी म्हणालो.

आता झालं होतं असं, की माझं शेत तिथून दिसत होतं. आणि शेतात माझा राब रचून तयार होता, शेण, फांद्या, पाला, गवत, वर माती, छातीएवढा, फक्त काडी लावायची बाकी. साहेबांची नजर तिकडे गेली. त्यांनी विचारायच्या आत मी सांगितलं की तो ढीग कुजवायला घातलाय, खत करायला. ड्रायव्हरला ठसका लागला. कुणी खाली बघून बोटाने मातीत रेघोट्या मारायला लागलं. साहेब ढिगाकडे बघतच राहिले. माझ्या पाठीवरून घाम उतरला, सावलीत.

तेव्हा चुलतभाऊ बोलला. “खरं हाय, सायेब. मला ही गोष्ट मूळ दादानेच शिकवली. मी नुसती आधी केली.”

आयुष्यात त्याने एकच थाप मारली, आणि तीही माझ्यासाठी. आणि काय मारली. मी वर्षानुवर्षं घाम गाळून गोष्टी रचतोय. माझ्या एकाही गोष्टीवर कुणी असा पटकन विश्वास ठेवला नव्हता. साहेबांनी पिशवीत उरलेला दुसरा हार काढून माझ्या गळ्यात घातला. त्याच्या गळ्यातल्याहून तो थोडा लहान होता, हे मी तिथल्या तिथे बघून घेतलं.

घरी गेलो तर बायको उंबऱ्यात बसली होती. तिला सगळं आधीच पोचलं होतं. “शेण मी डोक्यावरनं वाहिलं,” ती म्हणाली, “फांद्या मी वाहिल्या. नि खत करायचं तुम्ही नुसतं तोंडाने ठरवलंत. मंग आता रोपातलं गवतही तोंडानेच काढा.”

मी म्हटलं की मी खोटं बोललो नाही. जे एका पावसाळ्याने खरं होणार आहे ते थोडं आधी सांगितलं. पण राब लावायचा तर आता सोयच उरली नव्हती. काडी पेटवली असती तर धुराच्या आधी बातमी जव्हारला पोचली असती. तो ढीग आम्ही पुन्हा उलगडला, जाड फांद्या चुलीला काढल्या, आणि उरलेलं खड्ड्यात घातलं. ते कुजायला वेळ लागणार, पाऊस तर डोक्यावर आलेला. चुलतभाऊ कुंपणाशी येऊन म्हणाला, दादा, माझ्या खड्ड्यातलं ने, माझ्याकडं जास्त हाय. मी म्हटलं, नेतो, पण नुसतं तपासून बघायला. तपासायला पाट्यांमागून पाट्या नेल्या. त्याने पाठ फिरवली तरी मला त्याची पाठ हसताना दिसत होती. आता ती खरोखर हसत होती की नाही, ते मी सांगू शकत नाही.

त्या वाफ्यात गवत आलं. आलं म्हणजे, मी रोज सकाळी उपटून घरी यायचो आणि चहा पिऊन परत जायचो तोवर ते गुडघ्याला लागायचं. मला वाकलेला बघायला माणसं बांधावर येऊन बसायला लागली. ऐन पावसाळ्यात मला एवढे श्रोते कधी मिळाले नव्हते, आणि मला बोलता येत नव्हतं, कारण ताठ झालो की बायको लांबून बघायची. भात आला. आदल्या वर्षीपेक्षा थोडा कमी. मला थापाच मारायच्या असत्या तर जास्त सांगितला असता. पुढच्या वर्षी आमचा खड्डा नीट कुजला, तेव्हा बरोबरीचा आला. पाड्यातल्या आणखी काहींनी मग राब सोडला, काहींनी नाही; अजूनही उन्हाळा संपताना इकडेतिकडे धूर दिसतो.

मला त्या भाताचं फार नव्हतं. माझा डोळा करंजावर होता. तोडायचा थांबलो की त्यालाही सावली येणार हे साधं गणित होतं, आणि तो माझ्या अंगणाच्या कडेला, ओट्यापासून हाकेच्या अंतरावर. मी दर पावसाळ्यानंतर त्याच्या फांद्या जांभळाच्या फांद्यांशी डोळ्यांनी मापायचो. करंजाला खाण्याजोगं काही लागत नाही, ही त्याची उणीव मी मान्य केली. पण सावलीत तो जांभळाला मागे टाकणारा होता, उन्हाळ्यात नवी पालवी अशी दाट की ऊन खाली उतरताना वाट चुकावं. जांभळाच्या एका बाजूच्या फांद्या रस्ता रुंद करताना गेल्या आणि वळणावरची सावली विरळ झाली, तेव्हा मला वाईट वाटलं, आणि त्या रात्री मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मग करंज भरला. मे महिना आला. मी ओटा सारवून घेतला, माठ भरला, पत्रा कधीच काढून टाकला होता. सकाळी उठून बघतो तर सावली सरळ माझ्या ओट्यावर, पायरीपासून भिंतीपर्यंत, जणू मीच मापून शिवून घेतली. पण सकाळी गोष्ट ऐकायला रिकामं कोण असतं? माणसं शेतात, कुणी मजुरीला, बाया पाण्याला. मी एकटा सावलीत बसलो. माणसं आली ती नेहमीप्रमाणे जेवणं आटोपून, आणि तोवर सूर्य पश्चिमेला कलला होता. करंजाची सगळी सावली माझं अंगण ओलांडून पलीकडे गेली आणि चुलतभावाच्या दारात जाऊन पडली. झाड माझं, मुळं माझ्या जमिनीत, ज्याच्यासाठी मी सगळ्या गावादेखत वाकून गवत उपटलं ते झाड, आणि दुपारी ते त्याच्या घरी जातं.

लोक त्याच्या अंगणात बसले. मी ओट्यावर जरा वेळ बसून पाहिलं. मग चपला घातल्या.

अजून तसंच चालतं. मी जातो, मधोमध बसतो, धबधब्यावरून पडतो, सूर्यमाळच्या वाऱ्यात उडतो, आणि माणसं जीप सोडून देतात. भावाची बायको सगळ्यांना चहा देते. तो स्वतः भिंतीला टेकून पहिल्या दोन वाक्यांतच झोपी जातो. त्याच्या जांभळाची गोष्ट मी त्याच्या अंगणात सांगतो आणि ती न ऐकणारा तिथे तो एकटाच. तशी गाढ झोप मला दुपारची कधी लागली नाही. संध्याकाळी माणसं उठतात, घरी जातात, घरात विचारतात कुठे होतात, तर सांगतात, त्याच्याकडे बसलो होतो. माझं नाव कुणी घेत नाही. बायको म्हणते, करंज तोडून टाका मग. मी म्हणतो, तोडला तर बसायचं कुठे?